रबरी बटणांची रामटेक पॅसेंजर

आमच्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जायची. बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते, कोळशाच्या इंजिनावर, आणि इंजिनावरचा नियम असा की पुढचा सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं तो मोठ्यानं सांगायचा आणि भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमननं स्वतः पाहून तोच परत म्हणायचा. दोघांचं जुळलं तरच गाडी पुढे. हा नियम बाबांनी नागपूरला अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्येही लागू केला होता. बाहेर पडताना ते दारातून म्हणायचे, "गॅस बंद." आतून आईचं "बंद" ऐकू येईपर्यंत पायात चपला घालायचे नाहीत. सीताबर्डीवर रस्ता ओलांडताना ते "साफ" म्हणायचे आणि मी दोन्हीकडे बघून "साफ" म्हणायचं. कॉलेजात जायला लागल्यावर मैत्रिणींसमोर हे करताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई कधी कधी वैतागायची. "अजी, मी तुमची बायको आहो, फायरमन नाही," म्हणायची. पण "बंद" म्हणायला चुकायची नाही.

ड्रायव्हरची नजर रेल्वेवाले ठरावीक काळानं तपासतात. एका वर्षी तपासणीत बाबांच्या एका डोळ्याला चष्मा लावूनही लांबचं कमी दिसतं असं निघालं आणि त्यांना इंजिनावरून उतरवून इंजिनांच्या शेडच्या ऑफिसात टेबल दिलं. पगारात फार फरक पडला नाही. डोक्यावर पंखा आला, अंगावरचा कोळसा गेला. शेजारीपाजारी म्हणाले, बरं झालं, सुटले. बाबाही म्हणायचे, "बरं झालं." पण त्यांनी "गॅस बंद" म्हणणं सोडून दिलं. कामावरून यायचे, अंगणातल्या लोखंडी खुर्चीवर बसायचे, जेवायला हाक मारली की यायचे. वर्ष होत आलं तरी हेच. ज्या सवयीला आम्ही दोघी नाकं मुरडत होतो, तिच्यावाचून घर खायला उठायचं. बाबा निघताना आई मुद्दाम दारात थांबून बघायची, ते काही म्हणतात का. ते खिशातला रुमाल चाचपायचे आणि चालू लागायचे.

आईनं सगळा दोष रेल्वेच्या डॉक्टरवर टाकला होता. त्यानं मुद्दाम बारीक अक्षरं दाखवली, त्याच्याच डोळ्यांत काही तरी आहे, त्याला ड्रायव्हर लोक आवडतच नाहीत, असं तिचं रोज काही तरी नवीन निघायचं. रेल्वेच्या दवाखान्याची पायरी चढणार नाही अशी तिनं शपथ घेतली होती. फुकटचा दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर, आणि आई साध्या सर्दीलाही रिक्षा करून धंतोलीच्या डॉक्टरकडे जायची. बाबा ऐकून घ्यायचे, बोलायचे काहीच नाहीत.

मी तेव्हा बी.एस्सी. करत होते. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं आणि धरमपेठेत एका बंगल्याच्या गच्चीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातो तसं. एका मशीनपुढे आम्ही पाचसहा जण. पुढच्या खुर्चीवर नेहमी कोणी तरी मुलगा, आणि तो बटणं दाबायचा अशी, जणू हार्मोनियम त्याच्या वडिलांची. माझं गणित त्या सगळ्यांपेक्षा बरं होतं. पण माझी पाळी येईपर्यंत तास संपायचा. मला घरी स्वतःचं मशीन हवं होतं. ते मी आईला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तिलाच ते स्वप्नात दिसलं असावं.

आईची भिशी त्या महिन्यात लागली. त्यात तिच्या मनात पाटल्या होत्या. तरी ती म्हणाली, घेऊ तुझं मशीन. मी उडीच मारणार होते, तेवढ्यात तिनं पुढची अट घातली. भिशीतल्या एका बाईच्या पुतण्याकडे तिनं कॉम्प्युटर पाहिला होता, आणि त्यावर तो पुतण्या आगगाडी चालवत होता. खरीखुरी नाही, पडद्यावरची; पण रूळ होते, स्टेशनं होती, वेग कमीजास्त होत होता.

"तुले शिकाले पाहिजे अन् तुह्या बाबाले गाडी पाहिजे," आई म्हणाली. "दोन्ही होईल असा एकच डबा पाह्य."

मी भडकले. आमच्या क्लासच्या सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की शिकायचं असेल तर स्वतःचा पडदा असलेलं, हिरव्या अक्षरांचं मशीन घ्यावं, जुनं मिळालं तरी चालेल. घरच्या टीव्हीला जोडायचं जे रबरी बटणांचं मिळतं, ते खेळणं आहे. आणि इथे माझी आई शिक्षणाच्या पैशांत आगगाडी मागत होती. मी म्हटलं, बाबा काय लहान आहेत का पडद्यावर झुकझुक करायला? आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुले दिसून नाही राहिलं का वं," ती म्हणाली, "माणूस दिवसादिवसानं मुका होऊन राहिला ते?"

दिसत होतं. म्हणून तर मला आणखी राग आला.

धरमपेठेत रेडिओ-टीव्हीच्या एका दुकानात दोन्ही प्रकारची मशीनं होती. आम्ही तिघं गेलो. बाबांना आईनं खोकं उचलायच्या निमित्तानं आणलं होतं. हिरव्या अक्षरांचं मशीन कोपऱ्यात होतं, ट्रंकेएवढं जड, बटणं दाबली की टकटक वाजणारं. मी त्यावर क्लासमध्ये शिकवलेला एक छोटा प्रोग्राम करून पाहिला आणि मला तिथून उठावंसंच वाटेना. त्यावर आगगाडी चालेल का, असं आईनं विचारलं. दुकानदार म्हणाला, "नाही वहिनी, याच्यात फक्त अक्षरं येतात. चित्र नाही येत." त्या मशीनला एक खोडी होती, ते मधूनच बंद पडायचं, हे त्यानं मी दोनदा विचारल्यावर सांगितलं. पैसे आमच्याजवळ होते त्याहून जास्तच पडत होते, ते वेगळंच.

दुसरं म्हणजे ते खेळणं. काळं, पातळ, आपल्या दोन तळव्यांत मावेल एवढं, आणि बटणं अशी की खोडरबर दाबतोय असं वाटावं. त्याला पडदा नाही, टीव्हीला जोडायचं. प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर आणि कॅसेट. मी नाक वर करून विचारलं, यात बेसिक चालतं का? कारण क्लासमध्ये आम्ही तीच भाषा शिकत होतो. दुकानदार म्हणाला, "चालते ना. तुमच्या क्लासमध्ये जे शिकवतात, ते सगळं चालते." ते खरं निघालं. फक्त ओळीत अक्षरं कमी मावायची आणि बोटं लवकर दुखायची.

मग त्यानं आगगाडीची कॅसेट लावली. कॅसेटमधला खेळ मशीनमध्ये शिरेपर्यंत काही मिनिटं भयंकर चिरका आवाज येत राहतो. दुकानातले लोक कानावर हात ठेवू लागले. बाबा मात्र पुढे सरकले आणि बरेच दिवसांनी आपणहून काही तरी बोलले.

"ब्रेकचा व्हॅक्यूम गळून राहिला वाटते," ते म्हणाले.

दुकानाच्या मोठ्या रंगीत टीव्हीवर रूळ उमटले, हिरवी शेतं उमटली, आणि दुकानदारानं बाबांना खुर्ची दिली. कोणतं बटण वाफेचं, कोणतं ब्रेकचं, ते एकदा दाखवलं. बाबांनी गाडी हलवली. हळू, फारच हळू. मग समोर लाल सिग्नल आला आणि त्यांनी गाडी उभी केली.

सिग्नल लालच राहिला. बाबा बसून राहिले. मागे एक गिऱ्हाईक रेडिओचे सेल मागायला आलं होतं, तेही बघत उभं राहिलं. दुकानदार जरा वेळानं म्हणाला, "काका, चालू द्या. लाल असला तरी गाडी जाते. फक्त पॉइंट कमी होतात."

"जाते म्हणून न्यायची का गा?" बाबांनी विचारलं.

आम्ही सगळे त्या लाल ठिपक्याकडे बघत ताटकळत राहिलो. शेवटी तो हिरवा झाला. बाबा ताबडतोब मोठ्यानं म्हणाले, "हिरवा." आणि बोट बटणाच्या वर तसंच धरून थांबले. ते उत्तराची वाट बघत होते. आई दुकानदाराकडे बघत होती, मी आईकडे. क्षणभरानं बाबांच्याच ते ध्यानात आलं. त्यांनी हात मांडीवर घेतला, खुर्ची मागे सरकवली आणि "छान आहे" म्हणून उठले.

मी हिरव्या अक्षरांचं मशीन घ्यायला आले होते. त्या वेळी मला काय झालं कोण जाणे, मी दुकानदारावर खेकसलेच. "हेच द्या, रबराचं," म्हटलं. "अन् कॅसेट तीच पाहिजे."

घरी आलो, खोकं उघडलं, टीव्हीवरचा विणलेला रुमाल काढला, वायर जोडली. कॅसेट किंचाळून झाली. रूळ उमटले. बाबा बसले, गाडी निघाली, सिग्नल आला, आणि बाबा पडद्याकडे बघतच राहिले.

"कोणता आहे हा?" त्यांनी विचारलं.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता.

इतका विचार करून, दोन मशीनं पारखून, सरांचा सल्ला घेऊन आणि धुडकावून, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दुकानातला टीव्ही रंगीत, खेळातले सिग्नल म्हणजे नुसते रंगाचे ठिपके, आणि आमच्या पडद्यावर लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच राखाडी. आई टीव्हीच्या अगदी जवळ गेली, पदरानं काच पुसली. "दुकानात तर लाल होता," म्हणाली. रंगीत टीव्ही घ्यायचा तर आणखी कितीतरी भिशा लागल्या असत्या. मी म्हटलं, बाबा, तुम्ही जाऊ द्या गाडी, पॉइंट गेले तर गेले. ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"माहीत नाही त्या सिग्नलवर गाडी नेत नसतात, पोरी," म्हणाले आणि अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसले. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या डब्याकडे दोन दिवस पाहिलं नाही. आईनं त्याच्यावर टीव्हीचा रुमाल पांघरला.

नंतर एका दुपारी क्लासमध्ये सर फळ्यावर रेघा काढत होते. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ कशी काढायची ते शिकवत होते. एक रेघ आडवी, एक तिरपी. आणि मला एकदम रामटेकच्या लाइनीवरचे खांब आठवले. बाबांनी त्या लाइनीवर बरीच वर्षं पॅसेंजर नेली होती, आणि लहानपणी मीही त्या गाडीनं जायचे. तिथल्या सिग्नलला खांब असायचा आणि खांबाला एक लाकडी हात. हात आडवा म्हणजे थांबा. हात खाली झुकला म्हणजे या. प्लॅटफॉर्मवर लोक "सिग्नल पडला" म्हणायचे आणि पिशव्या उचलायचे. दिवसाउजेडी त्याला रंगाची गरजच नसते, नुसता हात बघायचा. म्हणजे आडवी रेघ आणि तिरपी रेघ, बस. ते मला येत होतं.

विकतचा खेळ मी ठेवून दिला आणि आमची स्वतःची गाडी करायला घेतली. नागपूर, कामठी, कन्हानचा पूल, रामटेक. पहिल्या वेळी मी बटण दाबलं की गाडी सुटायची आणि बटण दाबलं की जागच्या जागी उभी राहायची. बाबा दारातून जाताना थांबले.

"हे सायकल आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मग कशी थांबते ते सांगा. त्यांनी दारातूनच सांगितलं: ब्रेक लावला तरी गाडी आपल्याच वजनानं पुढे जात राहते, डबे मागून ढकलतात, चढावर लवकर थांबते, उतारावर थांबतच नाही. मी ते गणितात बसवलं. दुसऱ्या दिवशी ते उंबऱ्याच्या आत आले. इंजिनाला पाणी कुठे घेतो ते घातलं नाही का, म्हणाले. मी पाणी घातलं. मग म्हणाले, वाफ एवढ्या लवकर होत नाही. मी वाफ उशिरा केली. आठवडाभरात त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी बसून मला रागवायला लागले. मीही उलट बोलायचे. मशीनची स्मरणशक्ती एवढीशी, आणि त्यांना कामठीचा मालधक्काही हवा होता. भांडणं व्हायची. आई आतून ऐकायची आणि मध्ये पडायची नाही.

तेवढ्यात वीज जायची आणि सगळं पुसलं जायचं. प्रोग्राम मी मामेबहिणीच्या लग्नाच्या कॅसेटवर साठवत होते, त्यामुळे गाडी सुटायच्या आधी रोज मंगलाष्टकाची अर्धी ओळ आणि कोणाचं तरी "अक्षता कुठे आहेत" ऐकावं लागायचं. रामटेकचा गड मी काढला तो समोशासारखा दिसायचा. बाबा म्हणाले, असू दे, ओळखू येते.

सिग्नल कधी पडेल आणि कधी आडवा राहील, ते मी मशीनवरच सोडलं होतं, म्हणजे ते आम्हाला कोणालाच आधी कळायचं नाही. आणि आईचा एक कायदा होता: टीव्ही जवळून बघायचा नाही, डोळे जातात. म्हणून मी दुकानातून लांब वायर आणली. टीव्ही भिंतीशी, आणि बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला दिवाणावर, मांडीवर ते काळं मशीन.

हिवाळ्यातली रविवारची दुपार होती. आई जमिनीवर ताट घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्या शेजारी दाणे खात बसले होते. बाबांनी कामठी सोडली, पूल ओलांडला, आणि कन्हानचा खांब पडद्याच्या टोकाला दिसू लागला. बाबा मोठ्यानं म्हणाले, "पडला."

तसंच बोट वर धरून. मी तोंडातले दाणे गिळेपर्यंत आईनं मान वर केली.

"कुठी पडला?" ती म्हणाली. "आडवाच तर आहे."

बाबांनी ब्रेक दाबला. ब्रेक मीच लिहिला होता, त्यांच्याच सांगण्यावरून, त्यामुळे गाडी काही लगेच थांबेना. खांबाच्या जरासं अलीकडे ती उभी राहिली. हात खरोखरच आडवा होता.

बाबांनी बटणावरचं बोट काढलं. मग म्हणाले, "असंच झालं होतं."

"काय झालं होतं?" आईनं विचारलं.

"याच लाइनीवर. मी म्हटलं पडला. फायरमन म्हणे, नाही साहेब, आडवा आहे. मी ब्रेक लावला. थांबली गाडी. कोणाले काही झालं नाही, कोणाले समजलंही नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मले डॉक्टरनं नाही उतरवलं. तपासणीची पाळी यायची होती अजून. दुसऱ्या दिवशी मीच गेलो त्याच्याकडे. म्हटलं, पाह्य बरं माहा डोळा."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. वर्षभर तिनं त्या डॉक्टरचा उद्धार केला होता, त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचली होती.

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तू एवढी रागावून राहिली होती माह्यासाठी," बाबा म्हणाले. "बरं वाटे."

मला वाटलं आता आई रडेल. मला तर रडू आलंच होतं, आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. आपण ज्याला हरलेला समजत होतो, तो माणूस स्वतःच्या पायानं इंजिनावरून उतरला होता, गाडीभर लोकांसाठी, आणि घरी येऊन "बरं झालं" म्हणाला होता. आणि ते खरंच बरं झालं होतं.

आई रडली नाही. तिला दुसरंच सुचलं.

"मंग मले धंतोलीले काहून जाऊ दिलं वर्षभर, रिक्षा करकरून?"

"तू ऐकून राहिली होती का कोणाचं?"

यावर आई हसली, आणि मग बाबाही हसले, पूर्वी इंजिनावरून उतरून काळ्या तोंडानं घरी येताना हसायचे तसे. मग आईनं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि दिवाणावर बाबांच्या शेजारी जाऊन बसली. पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. खांब उभा होता, गाडी उभी होती. शेवटी आडवी रेघ तिरपी झाली.

"पडला," आई म्हणाली.

बाबांनी पडद्याकडे नीट पाहिलं. "पडला," ते म्हणाले, आणि मगच गाडी सोडली.